शेरीफकाका

काकांच्या पिक्चरमध्ये घोडा कधी दिसायचाच नाही. तो असायचा, पण चौकटीबाहेर. कुणीतरी दारातून आत येत "माझ्या घोड्याला चारा टाका" म्हणायचं, कुणीतरी हवेतच लगाम ओढायचं, आणि टापांचा आवाज काका स्वतः मांड्यांवर थापा मारून काढायचे. दरोडेखोर पळाला की नुसती धूळ दिसायची. ती काकू खराट्यानं उडवायच्या. काउबॉय आणि शेरीफ यांचे छोटे छोटे पिक्चर काढणाऱ्या या माणसाला घोड्याची मनापासून भीती वाटायची.

"त्याचे डोळे दोन बाजूंना असतात," ते सांगायचे. "तो आपल्याकडे बघून राहिला की नाही, समजतच नाही. मग त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा?"

ही गोष्ट टेक्सासमधल्या फ्रिस्कोची, दोन हजार पाचच्या आसपासची. मी लग्न करून नुकतीच तिथं आले होते. माझा नवरा मंदार एका टेलिकॉम कंपनीत सॉफ्टवेअरच्या कामाला होता आणि त्याच्या व्हिसावर आलेल्या मला नोकरीची परवानगी नव्हती. पुण्यात मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. इथं दिवसभर अपार्टमेंटच्या खिडकीतून पार्किंग लॉट बघायचे. प्रत्येकानं एकेक पदार्थ करून आणायच्या जेवणाला, म्हणजे पॉटलकमध्ये, कुणी "मग तू काय करतेस?" असं विचारलं की मी घाईघाईनं कुणाच्या तरी भाजीचं कौतुक सुरू करायचे.

काकांची पहिली भेट इंडियन ग्रोसरीच्या दुकानात झाली. कोथिंबिरीच्या जुड्या निवडत एक पंचावन्नीचे, बेताच्या उंचीचे, सावळे गृहस्थ उभे होते. इस्त्रीचा फुल शर्ट, खिशाला पेन, पायात टोकदार बूट आणि डोक्यावर भली मोठी काउबॉय हॅट. बघायचं नाही असं ठरवून मी बघत होते. मंदार काहीतरी विसरलं म्हणून आत गेला होता आणि मी तेलाची कॅन हातात धरून त्याची वाट बघत होते. ते गृहस्थ सरळ माझ्यापाशी आले.

"मराठी ना तू पोरी?"

"हो."

"तुझा हात हलत नाही."

"म्हणजे?"

"मघापासून बघून राहिलो मी. एवढी जड कॅन एका हातात, आणि हात जसाच्या तसा. व्हिडिओ कॅमेरा धरशील का? आमचा कॅमेरावाला बॉस्टनला गेला नोकरीसाठी. पिक्चर अडकून पडला आहे ना बाप्पा."

अमेरिकेत आल्यापासून मला काहीतरी येतं, असं पहिल्यांदाच कुणी म्हटलं होतं. मी हो म्हणून बसले. कशाला हो म्हटलं ते पुढच्या रविवारी वाळलेल्या गवतात उभी राहिल्यावर कळलं. समोर काका शेरीफ होऊन उभे होते. छातीवर शेरीफचा बिल्ला म्हणून काकूंनी तुपाच्या डब्याच्या पत्र्यातून कापलेला तारा होता आणि ते गुंडाला बजावत होते, "अबे, गावात राहायचं असेल तर सरळ राहा. नाहीतर रस्ता पकड."

काका एका इन्शुरन्स कंपनीत जुन्या कॉम्प्युटरचं काम करायचे. "मी जो कोड सांभाळतो, तो लिहिणारी माणसं कधीच रिटायर होऊन गेली," असं ते मोठ्या आदरानं सांगायचे. काकू हॉस्पिटलात नर्स होत्या. दोघंही नागपूरचे. काकांचे मामा तिथल्या एका थिएटरात दारावर तिकिटं फाडायचे, त्यामुळे लहानपणी त्यांनी इंग्रजी पिक्चर फुकट आणि भरपूर बघितले. इंग्रजी एक अक्षर कळत नव्हतं. मग शेरीफ काय बोलत असेल ते त्यांनी मनानंच ठरवून टाकलं, आणि ते अर्थातच नागपुरीत. पुढे इंग्रजी शिकून तेच पिक्चर पुन्हा बघितले तेव्हा त्यांची निराशा झाली. "किती साधं बोलत होते ते लोक! मी लिहिलेलं लई चांगलं होतं."

त्यांच्या पिक्चरचे काही नियम होते. पिक्चर एवढाच लांब हवा की गॅसवर ठेवलेला चहा उतू जायच्या आत संपला पाहिजे. गोळी एकदाच उडणार आणि ती हॅटला लागणार. कुणी मरायचं नाही. एका पिक्चरमध्ये दरोडेखोर बँक लुटायला येतो, पण बँकेला सुट्टी असते. मग तो शेरीफच्याच ऑफिसात बसून ती उघडायची वाट बघतो. दरोडेखोराचं काम नेहमी निखिलकडे असायचं. तो अमरावतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून आलेला, जवळच्या युनिव्हर्सिटीत एम.एस. करणारा काडीसारखा मुलगा. आपण अभिनयासाठी येत नाही, काकूंच्या तर्री पोह्यांसाठी येतो, हे तो लपवायचा नाही.

फ्रिस्को तेव्हा भराभर वाढत होतं. उत्तरेला मोकळी रानं होती आणि तिथं काकांचं गाव वसायचं: दोन पुठ्ठ्याच्या भिंती, एक दार, एक बाकडं. पण महिन्याभरानं जावं तर त्या रानात नारिंगी फिती बांधलेल्या खुंट्या ठोकलेल्या असायच्या, आणि त्याच्या पुढच्या खेपेला सारखी सारखी दिसणारी विटांची घरं. काका गाडी थांबवून खिडकीतून बघायचे आणि म्हणायचे, "आपलं वाळवंट सरकलं पुन्हा." मग आम्ही आणखी उत्तरेला जायचो.

एकदा शूटिंगच्या मधल्या वेळात मी त्यांना विचारलं, "काका, काउबॉयच का? आपल्याकडच्या गोष्टी का नाही करत?"

ते बुटातली माती झटकत होते. म्हणाले, "हे बघ, या पिक्चरमध्ये परका माणूस गावात येतो. तू कोणाचा, असं त्याला कोणी विचारत नाही. विचारलं तरी तो सांगत नाही. तसाच आत जातो, आणि आतला माणूस त्याच्यासमोर ग्लास ठेवतो. बाकीचे ज्या ग्लासानं पितात, तसलाच ग्लास. बस. त्याच्यापुढे गोळीबार नसला तरी मला चालते."

मी तेव्हा मान डोलावली. आपल्याला कळलं असं मला वाटलं होतं. त्यांच्या दिवाणखान्यात शांत बसलेली बुद्धमूर्ती होती आणि तिच्या बाजूच्या खुंटीवर ती हॅट. ते दोन्ही मी कितीदा पाहिलं होतं. पण मला ते खरं कळलं गणपतीच्या पॉटलकमध्ये. काका कुणालातरी नव्या पिक्चरची गोष्ट सांगत होते. तिथल्या मराठी मंडळातल्या एका बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हे शेरीफकाका, त्यांचं आडनाव काय गं?" मी सांगितलं. "अच्छा," त्या म्हणाल्या. "तरीच." आणि खीर वाढून घ्यायला निघून गेल्या. तरीच म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. लाज कुणाची वाटतेय, त्या बाईंची की माझी, ते ठरवता येईना.

मंडळात त्यांना शेरीफकाका म्हणायचे ते प्रेमानं नव्हे. दिवाळीच्या कार्यक्रमात दरवर्षी त्यांचा एक पिक्चर दाखवायचे, लहान मुलांचा डान्स आणि जेवण यांच्या मधल्या वेळात. लोक खूप हसायचे. काकांना ते हसणं आवडायचं की नाही, मला कधी कळलं नाही. दिवा लागला की ते उठून वाकून नमस्कार करायचे.

तो प्रकार झाला ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी.

ऊन छान होतं. काकूंची ड्युटी होती म्हणून त्या आल्या नव्हत्या. दुसऱ्या दरोडेखोराचं काम करणारा निखिलचा रूममेट आयत्या वेळी आला नाही, म्हणून काकांनी मंदारच्या तोंडाला रुमाल बांधला. मंदारला यातलं काहीच आवडत नव्हतं, पण माझ्यासाठी तो यायचा. रान एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं होतं आणि काकांनी त्याची तोंडी परवानगी घेतली होती. ते कुठल्या काउंटीत, म्हणजे कुठल्या जिल्ह्यात, येतं ते मला आजही ठाऊक नाही. फक्त एवढंच की कुंपणापलीकडे नव्या घरांची एक रांग उभी राहिली होती आणि तिथं माणसं राहायला आली होती, हे आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मी कॅमेऱ्यातून निखिलला बघत होते. त्यानं तोंडावरचा रुमाल वर ओढला, पिस्तूल उगारलं, आणि एकदम त्याचा चेहरा बदलला. डोळे माझ्या मागे कुठंतरी गेले. मला वाटलं, आज पहिल्यांदा पोरगा खरा अभिनय करतोय.

"ड्रॉप इट! ड्रॉप द गन!"

मागून आवाज आला. रस्त्याच्या कडेला शेरीफच्या ऑफिसच्या, म्हणजे तिथल्या काउंटीच्या पोलिसांच्या, दोन गाड्या उभ्या होत्या आणि त्यांच्या उघड्या दारांमागे दोघं जण, त्यांना डेप्युटी म्हणतात. दोघांच्या हातात पिस्तुलं होती, आणि ती खरी होती. निखिलनं हात वर केले, पण हातातलं पिस्तूल तसंच. तो गोठून गेला होता. ते दोघं पुन्हा ओरडले, आणखी मोठ्यानं. तरी त्याची बोटं सुटेनात.

"टाक बे! टाक खाली!" काका मराठीत ओरडले, इतक्या जोरात की मी दचकले. आणि निखिलच्या हातातून ते गवतात पडलं.

मग आम्हाला गुडघ्यावर बसायला सांगितलं. हात डोक्यामागे. मीही बसले. गवतात काटे होते. मंदारच्या तोंडावर अजून रुमाल होता. तो काढावा तर हात हलवायचे कसे, आणि तसाच ठेवावा तर कसा दिसतोय, अशा अवस्थेत तो बसला होता. काकांचे गुडघे दुखायचे. ते एक हात जमिनीला टेकवून बसायला लागले तर तो हात वर घ्यायला सांगितलं. ते कसेबसे बसले आणि बोलायला लागले.

"यस सर. सॉरी सर. टॉय सर, प्लास्टिक. आय अॅम सिटिझन सर. दीज आर गुड चिल्ड्रन सर. शी इज लाइक माय डॉटर सर. ओन्ली पिक्चर सर, स्मॉल पिक्चर."

एवढ्या वेळा सर म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. आवाजही त्यांचा नव्हता. खूप जुना, कुठूनतरी लांबून आलेला आवाज होता तो. मी जमिनीकडे बघत राहिले. त्यांच्याकडे बघणं हा त्यांचा अपमान होईल असं वाटत होतं.

दोघांतल्या वयस्क डेप्युटीनं पिस्तूल उचललं, हातात तोललं, आणि सुस्कारा सोडला. खेळण्यातल्या पिस्तुलाच्या टोकाला नारिंगी रंग असतो. खरं आणि खोटं लांबून ओळखता यावं म्हणून तो असतो. काकांनी तो काळा करून टाकला होता, कारण पिक्चरमध्ये वाईट दिसायचा.

"हे कुणी रंगवलं?" त्यानं विचारलं.

"मी, सर."

"या पोराला आज मी गोळी घातली असती," तो म्हणाला. ओरडून नाही, अगदी हळू. त्याच्या कपाळावर घाम होता. "तुम्हाला कळतंय का? मी घातली असती."

काकांनी मान हलवली.

आमची लायसन्स तपासून झाली, नव्या घरांतून कुणीतरी पोलिसांना फोन केला होता हे कळलं, म्हाताऱ्या शेतकऱ्याला फोन झाला, आणि हळूहळू सगळं सैल पडलं. आम्हाला उठायला सांगितलं. दुसरा, तरुण डेप्युटी पुठ्ठ्याच्या भिंतीवरची "कारागृह" ही पाटी बघून हसला. काय लिहिलंय म्हणून त्यानं विचारलंदेखील. वयस्क डेप्युटीलाही आता बहुधा वातावरण हलकं करायचं होतं. त्यानं आमच्या चौघांवरून नजर फिरवली आणि हसत विचारलं, "सो, विच वन ऑफ यू इज द शेरीफ?"

वाईट हेतूनं नाही विचारलं त्यानं. मी आजही तसंच म्हणेन. काकांच्या छातीवर पत्र्याचा तारा होता. त्यांनी तो तळहातानं झाकला.

"नोबडी, सर," ते म्हणाले. "नोबडी इज शेरीफ."

गाड्या निघून गेल्या. काकांनी तारा काढून खिशात टाकला. पुठ्ठ्याच्या भिंती आम्ही घडी करून गाडीत ठेवल्या. परत येताना सगळ्यांच्या पँटींना गुडघ्यावर मातीचे गोल डाग होते. आमच्या अपार्टमेंटपाशी उतरताना काका एवढंच म्हणाले, "घरी हिला मीच सांगतो. तुम्ही नका सांगू."

तीन-चार दिवसांनी ते आमच्या दारात आले. डोक्यावर हॅट नव्हती. हॅटशिवाय ते एकदम म्हातारे दिसत होते. आत या म्हटलं तर नको म्हणाले. निखिलकडे जाऊन आलो, आता तुमच्याकडे आलो, माफी मागायला. मी काही बोलायच्या आत मंदार पुढे झाला.

"काका, तुम्ही सिटिझन आहात. तुम्हाला काय होणार? मी व्हिसावर आहे. नाव कुठं नोंदलं गेलं असेल तर? आज आपल्यासारख्या माणसानं तोंडाला रुमाल बांधून हातात बंदूक घेऊन उभं राहायचे दिवस आहेत का?"

"बरोबर आहे तुझं."

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मंदारच्या मनात काहीतरी वेगळंच साठलं होतं. "आणि कसं बोलत होतात तुम्ही त्याच्यापुढे! सर, सर, सर! लाज वाटली मला, काका."

काका आपल्या ऑफिसच्या साध्या बुटांकडे बघत होते. "मलाही," ते म्हणाले, आणि जिन्यानं खाली गेले.

बातमी मंडळात पोचलीच. कुणी म्हणालं, आपल्या सगळ्यांची मान खाली गेली. कुणी म्हणालं, एक दिवस हे होणारच होतं. दिवाळीच्या कार्यक्रमात त्या वर्षी काकांचा पिक्चर नव्हता आणि काकाही नव्हते. काकू मला ग्रोसरीत भेटल्या. म्हणाल्या, "टीव्हीवर तसला पिक्चर लागला की चॅनेल बदलतात. जेवताना मधेच थांबतात आणि म्हणतात, त्या पोराच्या हातात मी बंदूक दिली. काय सांगू मी त्यांना? खरंच दिली होती ना." मी त्यांना कधी घरी या म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं, पण मंदारचं बोलणं आमच्या दारात अजून उभं होतं.

मग मार्चमध्ये एक दिवस आम्ही डॅलसहून परत येत होतो आणि मागे पोलिसांच्या गाडीचे दिवे लागले. मंदारनं गाडी कडेला घेतली. वेग थोडा जास्त होता, बाकी काही नाही. पोलिस अगदी तरुण होता, मंदारपेक्षा लहानच, आणि फार नम्र होता. त्यानं लायसन्स मागितलं. मंदारनं स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले होते आणि तो बोलत होता. "यस सर. माय मिस्टेक सर. शुअर सर. थँक यू सर." दंडाचं तिकीटसुद्धा न देता, सावकाश जा म्हणून तो मुलगा निघून गेला. तरी मंदारचे हात स्टिअरिंगवरच होते.

"काहीच केलं नाही त्यानं," तो म्हणाला. "ओरडलासुद्धा नाही."

मी त्याचं लायसन्स त्याच्या पाकिटात ठेवलं.

"मग माझा आवाज असा का झाला गं?"

त्यानं गाडी सुरू केली. आमच्या अपार्टमेंटचं वळण आलं आणि गेलं. तो सरळ काकांच्या घरी गेला. काका लॉन कापत होते. मशीनच्या आवाजात मंदार काय बोलला ते मला गाडीतून ऐकू आलं नाही, काकांनाही आलं नसावं, कारण त्यांनी मशीन बंद केली आणि "काय?" म्हणून विचारलं.

"पिक्चर कधी काढायचा, काका?" मंदार म्हणाला. डोळे पुसत होता तो. गवतामुळे असेलही.

काकांनी हातावरचं गवत झटकलं. "एकच राहिला आहे माझ्या डोक्यात," ते म्हणाले. "तू करशील तर निघेल."

"काय करू?"

"शेरीफ."

"शेरीफ तर तुम्ही असता."

"तो नाही. खरा."

पुढच्या शनिवारी त्यांच्या मागच्या अंगणात आम्ही जमलो. चारी बाजूंनी लाकडी कुंपण, कुणाला बाहेरून दिसणार नाही असं. काकांनी आदल्या दिवशी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना जाऊन सांगितलं होतं. बंदूक नव्हती. "बोट दाखव नुसतं," त्यांनी मंदारला सांगितलं. काकू या वेळी घरी होत्या. त्या स्वयंपाकघराच्या पायरीवर बसल्या. जे त्यांनी ऐकलं होतं ते आता त्या बघणार होत्या.

गोष्ट छोटीच. गावाचा शेरीफ आणि एक दरोडेखोर गप्पा मारत बसलेत. बाहेरून मोठा अधिकारी येतो, दोघांनाही गुडघ्यावर बसवतो आणि विचारतो, तुमच्यातला शेरीफ कोण? शेरीफ मान वर करून म्हणतो, मी. संपलं. काकांनी असं लिहिलं होतं.

मंदारला जमेना. तो फार हळू विचारायचा. "जोरात," काका म्हणाले. "आणि हस थोडा. तो हसला होता." निखिल त्यांच्या शेजारी गुडघ्यावर बसला होता, तोही हसत नव्हता, एरवी त्याला हसू आवरायचं नाही. शेवटी मंदारनं बोट रोखलं आणि मोठ्यानं विचारलं, "तुमच्यातला शेरीफ कोण?"

काकांनी मान वर केली. कॅमेऱ्यातून मला त्यांचा चेहरा अगदी जवळ दिसत होता. ओठ हलले.

"नोबडी, सर."

आम्ही थांबलो. काका चुकलं म्हणाले, पुन्हा करू म्हणाले. पुन्हा केलं. पुन्हा तेच आलं. मंदारनं बोट खाली केलं. पायरीवरून काकू कळवळून म्हणाल्या, "अहो, मी म्हणा ना. एवढा एकच तर शब्द आहे."

"माहीत आहे ना," काका म्हणाले. "मीच लिहिला आहे." आणखी एकदा प्रयत्न केला. मग ते गवतावर नीट मांडी घालून बसले आणि गुडघे चोळत म्हणाले, "राहू दे. जे झालं ते हेच झालं. हेच ठेव, पोरी."

त्या वर्षीच्या दिवाळीत मंडळानं तो पिक्चर लावायला थोडे आढेवेढे घेतले, पण शेवटी लावला. शाळेचा हॉल भरलेला होता. काका आणि काकू पुढच्या रांगेत, त्यांच्यामागे मी, मंदार, निखिल. पडद्यावर काका गप्पा मारत बसलेले दिसले मात्र, लोक सवयीनं हसायला लागले. शेरीफकाका! मंदार बोट रोखत आला तेव्हा आणखी हसले. काका गुडघ्यावर बसताना धडपडले, तेव्हा एका मुलानं टाळ्या वाजवल्या. मंदारनं माझा हात घट्ट धरला होता.

"तुमच्यातला शेरीफ कोण?" पडद्यावरच्या मंदारनं विचारलं.

"नोबडी, सर."

आणि हॉल फुटला. एवढं हसणं काकांच्या कुठल्याच पिक्चरला मिळालं नव्हतं. लोकांना वाटलं हाच विनोद आहे, शेवटचा आणि सगळ्यांत चांगला. मागे कुणीतरी त्या दोन शब्दांची नक्कलही केली. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. त्या रानात गुडघ्यावर बसले होते तेव्हाही एवढं वाटलं नव्हतं.

काका उठून उभे राहिले. दिवे अजून लागले नव्हते आणि प्रोजेक्टरचा उजेड त्यांच्या पाठीवर पडला. पडद्यावरच्या गुडघ्यावर बसलेल्या काकांच्या अंगावर त्यांची सावली पडली. ते लोकांकडे वळले. उजेडानं डोळे मिटले जात होते, तरी त्यांनी हात आडवा धरला नाही.

"मी," ते म्हणाले.

काही लोक अजून हसत होते.

"शेरीफ मी होतो," काका म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण त्यांचा होता. "मला बोलता आलं नव्हतं त्या दिवशी. मीच होतो."

हसणं एका बाजूनं थांबत गेलं, रांगेमागून रांग. एवढी शांतता झाली की प्रोजेक्टरचा पंखा ऐकू यायला लागला. टाळ्या वाजवायच्या की नाही, कुणाला कळेना. काका तसेच उभे राहिले, पुढे काय करायचं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मग काकूंनी त्यांच्या शर्टाची बाही हळूच ओढली.

"बसा आता," त्या म्हणाल्या. "मागच्यांना दिसत नाहीये."

आणि काका बसले.